नवऱ्याला समजावलेला ॲक्सेस पॉइंट

पप्पा वसईहून इकडे परदेशात आमच्याकडे कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांची सोय आम्ही घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये केली. छान ऊन येणारी सुटी खोली, पण आमचं वायफाय तिथवर पोचायचं नाही. रविवारी गावच्या चर्चचा मिस्सा ऑनलाइन लावला की फादर स्क्रीनवर तोंड उघडून तसेच थांबायचे. घर भाड्याचं, त्यामुळे अंगणातलं काँक्रीट फोडून केबल टाकायला मालक तयार नव्हता. उपाय एकच उरला. वायरलेस ब्रिज, म्हणजे दोन्ही घरांवर समोरासमोर लावायचे दोन डबे, आणि पप्पांच्या खोलीत वायफाय द्यायला एक ॲक्सेस पॉइंट.

नेटवर्किंग हीच माझी नोकरी आहे. ही यंत्रं वर्षानुवर्षं चालतात, नवी घेण्याचं काही कारण नाही. जाहिरात बघून मी एक जुना सेट हेरला आणि शनिवारी नवऱ्याला घेऊन गेले. नवरा वेस्टमीडला लॅबमध्ये आहे. राउटर कुठला आणि मोडेम कुठला, हे त्याला अजून सांगावं लागतं.

विकणारा पन्नाशीचा, हसतमुख. गॅरेजमध्ये शिरताच त्याने नवऱ्याशी हात मिळवला आणि त्यालाच सगळं समजावू लागला. मी विचारलं, "ॲक्सेस पॉइंट जुन्या मालकाच्या अकाउंटमधून काढलाय का?"

उत्तर नवऱ्याला मिळालं. "नो वरीज, मेट. रीसेट केला की झालं."

"नुसत्या रीसेटने नाही होत," मी म्हटलं. "हे मॉडेल जुन्या मालकालाच आपल्या अकाउंटमधून मोकळं करावं लागतं."

तो नवऱ्याकडे बघून हसला. "बायको हुशार आहे हं तुझी!" नवराही हसला. ते हसू मला अजून आठवतं.

मी त्याच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. दोन्ही ब्रिज व्यवस्थित चालू झाले. ॲक्सेस पॉइंट मात्र रीसेट करूनही कुठल्याशा ऑफिसचा पासवर्ड मागत बसला. ते ऑफिस म्हणे कधीच बंद पडलेलं, मग मोकळं करणार कोण? धडधाकट यंत्र, पण कंपनीच्या नियमापायी कचरा! मी म्हटलं, "फक्त ब्रिज द्या." तर म्हणे, सगळं एकत्रच घ्यावं लागेल. वर नवऱ्याला म्हणाला, "घरी निवांत बघ, मेट. तुला जमेल."

मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर पडले.

गाडीत नवरा म्हणाला, "अगं, एवढं काय चिडायचं?"

"एकदा तरी म्हणायचंस, मला यातलं काही कळत नाही, हिला विचारा."

"तू बोलतच होतीस की!"

"हो. आणि ऐकत कोण होतं?"



पुढच्या आठवड्यात वेंटवर्थव्हिलच्या एका बाईंकडे दुसरा सेट मिळाला. त्यांनी अकाउंट माझ्यादेखत मोकळं करून दिलं. शिडीवर मी चढले, स्क्रू मी पिळले, दोन्ही डबे एका रेषेत मीच आणले. रविवारी मिस्सा एकदाही अडकला नाही.

दुपारी पप्पांसाठी जेवण घेऊन गेले, तर ते फोनवर आत्याला सांगत होते, "जावयाने नेट लावून दिलं हो, एकदम फास्ट!"

मी ताट खाली ठेवलं. "पप्पा, फोन द्या इकडे," म्हटलं, आणि आत्याला पहिल्या स्क्रूपासून सगळं सांगितलं.