लिफ्टमधल्या क्लिपनंतर

मुलुंडच्या माझ्या बहिणीने दुपारी एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, "ही तुमचीच लिफ्ट ना गं?"

लिफ्ट आमचीच होती, अंधेरीतल्या आमच्या सोसायटीची. आत उकिडवी बसलेली बाईही आमच्या ओळखीचीच. वेसाव्याहून बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी पाटी घेऊन येणारी मासेवाली मावशी. कॅमेरा छताला, तिच्या पाठीमागे. दिसत होती ती फक्त वाकलेली पाठ आणि पायांशी पसरलेलं पाणी. वर कोणीतरी लिहिलं होतं, "कोळणीने लिफ्टमध्येच उरकलं, बघा!" पुढे हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग.

ते पाणी बर्फाचं होतं. पाटीतून पाणी गळतं अशी तक्रार आल्यावर आमच्याच कमिटीने नियम केला होता की, सांडलेलं पाणी मासेवालीने पुसून जावं. मी सोसायटीची सेक्रेटरी, नोटीस मीच चिकटवली होती. मावशी कमरेचं फडकं काढून दर खेपेला खाली बसून पुसायची. क्लिप मात्र फडकं जमिनीला लागायच्या आधीच संपत होती.

कॅमेऱ्याचं ॲप दोघांच्याच फोनवर आहे. एक माझ्या, दुसरं पाचव्या मजल्यावरच्या काकांच्या. काका निवृत्त आहेत, आणि गेटवर कोण आलं, पार्किंगमध्ये कोण थुंकलं हे बघण्यात त्यांची सकाळ बरी जाते. मी संपूर्ण रेकॉर्डिंग काढून फोनवर घेतलं आणि वर गेले.

"काका, हे तुम्ही टाकलंत?"

"अहो, आपल्याच ग्रुपवर टाकलं होतं. गंमत म्हणून. पुढे कोणी पाठवलं मला काय माहीत?"

"पुढे ती पुसतेय. ते का नाही टाकलं?"

"मी तेवढंच बघितलं, तेवढंच टाकलं. आणि डिलीट केलंय की मगाशीच. लोक उद्या विसरतील."

लोक विसरले नाहीत. मालाडहून, बोरिवलीहून ओळखीच्यांनी मला तोच व्हिडिओ पाठवला. एका विनोदी पानाने त्याला गाणं लावलं होतं. बुधवारी मावशी आली नाही, शुक्रवारीही नाही. शनिवारी मी घरच्यांच्या डब्यांचं काम उरकलं, रिक्षा केली आणि वेसाव्याला गेले. घर माहीत नव्हतं, पण विचारावं लागलं तेही एकदाच. ज्याला विचारलं त्याने आधी तोंड दाबून हसून घेतलं आणि मग गल्ली दाखवली.

मावशी आत बसून कोलंबी सोलत होती. सुनेने खुर्ची दिली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "सोमवारी बाजारात बसल्या होत्या. दोन पोरं आली, फोन समोर धरला नि म्हणाली, मावशी, संडास तिकडे आहे. तेव्हापासून बाहेर पडल्या नाहीत. आमचे हे म्हणतात, बस झालं आता, पाटी ठेवून दे."

"तुमचं काय म्हणणं, मावशी?" मी विचारलं.

"लगीन झालं तवापासून फिरते मी. घरी बसून काय करू, भिंती मोजू?" तिने काष्ट्यावर हात मारला. "ह्यो बघ. ह्यो सोडून परत नेसायचा तर तुझी लिफ्ट गच्चीपर्यंत चार वेळा जाऊन येल. यवढी अक्कल नाय लोकांला?"

सून हसली, मलाही हसू आलं. मावशी हसली नाही. "पन हे मी कोनाकोनाला सांगत फिरू गो बाय?"

मी फोन काढला. म्हटलं, पूर्ण व्हिडिओ आहे माझ्याकडे, जिथे जिथे तो गेला तिथे हा पाठवते. तिने शेवटपर्यंत पाहिला. स्वतःला फडकं पिळताना पाहिलं, पाटी डोक्यावर घेताना पाहिलं. मग फोन परत दिला.

"यात पन मीच दिसते."

"हो, पण खरं दिसतंय."

"परत समदे माझी पाठ बघनार. नको."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खोट्याला खरं दाखवलं की काम झालं, असा माझा हिशेब. पण ज्या बाईला एकदा सगळ्यांसमोर उभं केलं, तिला खरेपणा सिद्ध करायला पुन्हा तिथेच उभं करायचं, हा कुठला न्याय?

"मग काय करू, सांगा."

"ज्यानं टाकला त्याचा तोंड दिसू दे. त्यानं सांगावं. पन रडवू नको त्याला, म्हातारा मानूस हाय. नुसतं सांगू दे."

संध्याकाळी मी पुन्हा पाचव्या मजल्यावर. काकांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. "माझा व्हिडिओ? आणि लोक माझ्यावर हसले म्हणजे?"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "हसतील की. तिच्यावर हसले तसे. शर्ट बदला आधी."

काकांनी शर्ट बदलला, केस विंचरले. पहिल्या खेपेला म्हणाले, "कोणाचा गैरसमज झाला असल्यास..." मी थांबवलं. "काका, असल्यास नको. झालाय." दुसऱ्या खेपेला त्यांनी नीट सांगितलं. ते पाणी बर्फाचं होतं, ती बाई सोसायटीच्या नियमाप्रमाणे पुसत होती, अर्धवट व्हिडिओ मी टाकला, चूक माझी आहे, तो पुढे पाठवू नका. शेवटी आवाज बसला. मी तेवढ्यावर बंद केलं. रडवायचं नव्हतं.

मग खरं काम सुरू झालं. मला कोणी पाठवला, त्यांना कोणी पाठवला, असं एकेकाला विचारत मी मागे जात राहिले आणि प्रत्येक ग्रुपवर काकांचा व्हिडिओ टाकायला लावला. "अहो ताई, जुनं झालं ते", "आम्ही फक्त फॉरवर्ड केलं", "एवढं काय मनावर घ्यायचं?" सगळी उत्तरं ऐकली आणि प्रत्येकाला एकच म्हटलं, "बरं. आता हाही फॉरवर्ड करा." विनोदी पान दाद देत नाही. त्यांची तक्रार मी रोज सकाळी चहाच्या आधी करते. खरी गोष्ट खोट्याच्या मागे धावते तेव्हा तिला दम लागतो, हे मला कळलंय. म्हणून मी दम टिकवून आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी मावशी गेटवर आली. मी आधी जाऊन लिफ्टचं दार धरून ठेवलं. तिने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाय. नि गुडघं दुखतात, जिनाबी नको. मी हितंच बसते." तिने मीटर रूमच्या सावलीत पाटी टेकवली आणि कोयता काढला.

मी ग्रुपवर लिहिलं की मावशी खाली बसल्या आहेत, मासे हवे असतील त्यांनी उतरावं. बराच वेळ कोणी आलं नाही. मावशी बर्फ सारखा करत बसली, मी शेजारी उभी राहिले. मग दुसऱ्या मजल्यावरची एक सून आली, मागून दोघीतिघी. दोन घरांनी खिडकीतून नुसतं पाहिलं आणि पडदा ओढला. सगळ्यांच्या शेवटी काका पिशवी घेऊन उतरले आणि बायकांच्या मागे उभे राहिले.

"ये काका," मावशी म्हणाली. "बोंबील साफ करते, आज सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ."

बायका फिस्सकन हसल्या. काका लाल झाले, पण हलले नाहीत. शेवटचा बोंबील साफ होऊन पिशवीत पडेपर्यंत ते तिथे उभे होते.

पाटी रिकामी होत आली तशी मावशी उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली.

"बुधवारी येते. तुझ्या त्या ग्रुपला सांग, मी वर येनार नाय. ज्यांना पायजे त्यांनी खाली यायचा."

मी तिथेच उभं राहून ते टाईप केलं आणि तिच्याच शब्दांत पाठवून दिलं.