समासातल्या टिपा

माझं अक्षर कुणालाच लागत नसे, म्हणून माझे लेख टाइप करायचं काम आमचे हे करायचे. छापील कागद हातात देऊन "झालं" एवढंच म्हणायचे. मी खट्टू व्हायचे.

हे गेल्यावर दोन वर्षं लॅपटॉप कपाटातच होता. परवा काढला, तर सुरू व्हायलाच अर्धा तास लागला. समोरच्या कुलकर्णीबाई कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "विंडोजऐवजी लिनक्स टाकू या. जुन्या मशीनवर हलकं चालतं. लेख लिहायचं ऑफिस सॉफ्टवेअरही फुकट मिळतं, दोन-तीन आहेत. तुम्हाला कसं हवं?"

"ह्यांच्या फायली नीट उघडेल असं."

पहिल्यात जोडाक्षरं फुटली. दुसऱ्यात लेख जसाच्या तसा उघडला आणि उजव्या समासात पिवळ्या चौकटी दिसल्या.

"ह्या त्यांनी लिहिलेल्या टिपा आहेत, छापील कागदावर येत नाहीत," बाई म्हणाल्या आणि चहाला न थांबता घरी गेल्या.

'इथला शब्द लागत नाही, विचारायचं.' 'हे वाक्य फार छान. तिला सांगायचं.'

शेजारच्या खोलीत बसून माणूस आपल्याशी इतकं बोलत असतो, आणि आपण मात्र घर किती गप्प आहे म्हणून कुढत असतो. आता घर खरोखरच गप्प आहे.

टिपेखाली 'उत्तर द्या' असं होतं. एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, 'आज वाचलं.'

मग पुढचं पान न उघडताच लॅपटॉप मिटला. सगळ्या टिपा एकाच दिवशी संपवायच्या नव्हत्या.