मशीनची नळी आणि माझी जाऊ

माझ्या थोरल्या जावेबद्दल चार चांगले शब्द बोलावेत म्हणून मी पुष्कळदा तोंड उघडलं. पण ते गवत कापायचं मशीन आठवतं आणि तोंड आपोआप मिटतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, झालं ते सांगते.

आमचे हे दादरला एका जिमखान्याच्या मैदानावर माळी होते. माळी म्हणजे फुलझाडांचे नव्हेत. पिचवर रोलर फिरवायचा, पाणी मारायचं आणि गवत कापायचं, हे काम. त्या कामाबरोबर पॅव्हेलियनच्या मागची खोली मिळालेली. पत्र्याचीच खोली, उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची, पण दार आपलं, नळ आपला, आणि सकाळी दार उघडलं की समोर एवढं मैदान. लग्न होऊन मी आले होते ती लालबागला, मोठ्या दिरांच्या चाळीतल्या खोलीत. तिथे राज्य जावेचं. तिची खानावळ होती. आमच्या गावाकडचे गिरणीतले गडी तिच्याकडे जेवायला. त्यांच्या भाकऱ्या मी थापायच्या, भांडी मी घासायची, पहाटे नळावर हंडे मी लावायचे, आणि मिठाचा अंदाज चुकला की गड्यांसमोर माझा उद्धार तिने करायचा.

खानावळीच्या आडोशाने तिचा आणखी एक धंदा चाले. दारूबंदीचे दिवस. हातभट्टीचा माल रात्री यायचा, मोरीतल्या पिंपात लपायचा, आणि पिंपातून बाटलीत रबरी नळीने उतरायचा. ती नळी मोरीच्या खिळ्याला सापासारखी लटकलेली असे. चाळीत सगळ्यांना ठाऊक, आणि कुणालाच ठाऊक नाही.

मैदानावरची खोली मिळाली तशी मी तिथून सुटले. तिच्या हातचं फुकटचं माणूस गेलं, ते तिने मनात ठेवलं. गड्यांना वाढता वाढता सांगायची म्हणे, "आमची धाकटी आता क्रिकेट खेळता."

मग संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस आले. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. हे मोर्च्याला गेले. परत आले ते उजवं मनगट छातीशी धरून. लाठी बसली होती. हाताला प्लास्टर घातलं आणि तो हात गळ्यात अडकवून हे दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. बोलायचे नाहीत. मी काही विचारलं तर भिंतीकडे बघून हूं करायचे.

गवत तर कुणाच्या मनगटासाठी थांबत नाही. जिमखान्याचे सेक्रेटरी एक दिवस आले, मैदानात मधोमध उभे राहिले आणि बुटाने गवत चाळवून बघितलं. रविवारी मॅच होती. शनिवारी संध्याकाळी मी बघायला येणार, म्हणाले, तोपर्यंत मैदान कापून झालं नाही तर दुसरा माणूस तयार आहे, आणि त्याला बायकामुलांसकट खोली लागेल. ह्यांच्या हाताकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"मोर्च्याला गेला होतास ना," म्हणाले, "आता मोर्च्यालाच सांग पोसायला."

हे नुसते उठून उभे राहिले. मी बोलणार होते, तर ह्यांनी डोळे वटारले. साहेबासमोर मुके आणि माझ्यासमोर डोळे. साहेब गेल्यावर मी म्हटलं, मशीन मी चालवते. ह्यांनी नेहमीसारखं भिंतीकडे पाहिलं.

मशीन म्हणजे जुनं इंग्रजी धूड. पुढे पात्यांचा रूळ, वर पेट्रोलचं इंजिन, दोरी गुंडाळून हिसका द्यायचा की सुरू. ह्यांना ते ढकलताना मी पाहिलेलं होतंच. शुक्रवारी बाहेर काढलं तर खाली पेट्रोलचा थेंब थेंब. टाकीपासून कॉकपर्यंत, म्हणजे पेट्रोल बंद-चालू करायच्या तोटीपर्यंत, एक वीतभर नळी आणि कॉकपासून इंजिनापर्यंत दुसरी, दोन्ही वाळल्या बोंबलासारख्या कडक झालेल्या. वाकवली तशी एक माझ्या हातातच मोडली. दोन्ही बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि दुकानं सगळी बंद, हरताळ. गिरगावापासून दादरपर्यंत फळी उघडी नाही.

शनिवारी उजाडताच मी लालबागला चालत गेले. जायचं नव्हतं. पण रबरी नळी कुठे आहे हे मला माहीत होतं, आणि दुसरीकडे कुठे आहे हे माहीत नव्हतं.

जावेने मला दारातच उभं ठेवलं. आत गडी जेवत होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने माझी विचारपूस केली. धाकट्याचा हात गेला म्हणे, साहेब हाकलतो म्हणे. सगळं तिला आधीच कळलेलं. मी नळी मागितली. पेट्रोलला चालेल ना, असंही मी विचारलं. ती हसली.

"इतक्या दिसांत दारू जाता हीच्यातसून, काय झाला नाय. तुझ्या पेट्रोलाक काय सोन्याची नळी लागता?"

गडीही हसले. मला ते पटलं, खोटं कशाला सांगू. तिची दारू घशाखाली गेली की गड्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्या दारूने जी नळी जळत नाही ती पेट्रोलने काय जळणार, असाच हिशेब आमच्यात कुणीही केला असता. नळी तिने खिळ्यावरून काढून माझ्या अंगावर टाकली, आणि वर म्हणाली, चूल मोठी केली आहे हो, दोघींना बसता येईल.

घरी येऊन मी नळी बसवली. हे खुर्चीतून सांगत होते, म्हणजे ओरडत होते. कॉक आधी बंद कर. तिरकी कापू नकोस. तार दोनदा फिरव. मी म्हटलं, तोंड चालतंय तेवढा हात चालला असता तर बरं होतं. मग ते गप्प बसले आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. नळी कॉकच्या तोंडावर घट्ट बसली, वर तार आवळली. दोरीला हिसका दिला, मशीन धडधडलं. काष्टा घट्ट खोचून मी मैदान धरलं. चार पट्टे गेले असतील. मग मशीन ठसकलं, खोकलं आणि बंद पडलं. परत दोरी, परत ठसका. दुपार व्हायला आली तेव्हा मी तार सोडून नळी ओढली. नळी कसली, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली आणि बोटांना चिकटणारी. चिमटीत धरली तर तुटून आली. आत काळा लगदा झाला होता आणि तो इंजिनात उतरला होता.

मी ते हातात घेऊन उभी होते आणि फाटकातून हातगाडी आत आली. पुढे जाऊ, मागे गाडी ढकलणारा तिच्या खानावळीतला माणूस. हरताळात गाडी काढलीस म्हणून कुणी अडवलं तर, बिऱ्हाड हलवतोय, सांगायचं असं त्याला पढवलेलं.

आता बघा. मशीन बंद पडल्याचं तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. लालबागहून हातगाडी घेऊन दादरला यायला वेळ लागतो. म्हणजे मी नळी घेऊन तिची पायरी उतरले आणि तिने गाडी सांगितली. पेट्रोल रबर खातं हे तिला माहीत होतं असं मी म्हणत नाही. तिला कुठून माहीत असणार. पण मी हरणार हे तिने धरलं होतं, आणि ते व्हावं अशी इच्छा धरून ती सणासारखं कपाळाला कुंकू लावून आली होती.

"चल गो," म्हणाली, "आवर. मैदान बघून झाला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मोठी वहिनी, आईच्या जागी, तिला नाही कोण म्हणणार. मी तो लगदा फडक्यात बांधला आणि चालू पडले. मागून तिचा आवाज आला, कुठे चाललीस, आधी भांडी बांध. मी मागे पाहिलं नाही.

स्टेशनच्या बाजूला एक मोटार गॅरेज होतं. शटर खाली, पण वरची झडप उघडी आणि आत माणूस होता. मी हाक मारली. आज हरताळ, काम बंद, असं आतूनच उत्तर आलं. काम नको, नळी हवी, मी म्हटलं. विक्री बंद. मग त्याने झडपेतून डोकं काढलं आणि कसलं मशीन ते विचारलं. मी सांगितलं तसा तो भडकला. साहेब लोकांना चेंडू मारायला गवत कापून हवं आणि त्यासाठी मी हरताळ मोडू, लाज कशी वाटत नाही, मराठी बाई ना तू, असं सगळं. रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून ऐकायला लागले. मला रागच आला.

"माझ्या नवऱ्याचं मनगट तुमच्याच मोर्च्यात मोडलंय," मी म्हटलं. "आज खोली गेली तर तुम्ही ठेवून घेणार का आम्हांला? की नुसतं 'झालाच पाहिजे' म्हणणार?"

 त्याने हात बाहेर काढून माझं फडकं मागितलं, सोडलं, वास घेतला.

"घरात भट्टी लावलीय काय?"

 मग तोच म्हणाला, दारू रबराला हात लावत नाही, पेट्रोल त्याचं पिठलं करतं. आता टाकी धुवायला लागेल, आणि इंजिनाच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं ते मोकळं करायला लागेल. एवढं सांगून आत गेला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात झडपेतून काळ्या नळीचं एक वेटोळं येऊन माझ्या पायाशी पडलं. वर कापडाची वीण असलेली, जाड, मोटारीची.

"मी हरताळ पाळतोय," आतून आवाज आला. "रस्त्यात काय पडलंय ते मला माहीत नाही."

मी आभार मानले तर म्हणाला, आभार नकोत, निघ आता. आणि झडप आपटून लावली.

परत आले तर अर्धा संसार गाडीवर. गाद्या, हंडा, डबे, माझी ट्रंक. ट्रंकेवर जाऊ बसलेली, पानाला चुना लावत.  मी मशीन आडवं केलं, टाकीतलं पेट्रोल ओतून दिलं, नवं थोडं घालून हलवलं, तेही ओतलं. कॉकच्या तोंडाला चिकटलेलं रबर विळीच्या टोकाने खरवडून काढलं. ह्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि इंजिनाचं ते तोंड कसं उघडायचं ते सांगायला लागले. या वेळी हळू आवाजात. भोक सापडलं, केसासारखं बारीक, काळ्या लगद्याने बुजलेलं. फुंकून निघेना. स्टोव्हची पिन हवी होती. पिनांची डबी ट्रंकेत.

मी म्हटलं, जाऊबाय, उठा जरा, पिन हवी.

"लालबागेक गेल्यार घे," ती म्हणाली आणि पान तोंडात घातलं.

मी परत म्हटलं. ती गाडीवाल्याला म्हणाली, दोरी बांध रे. तेव्हा हे उठले. गाडीपाशी गेले, डाव्या हाताने ट्रंकेची कडी धरली.

"वैनी, उठा."

ती ह्यांच्याकडे बघत राहिली. ह्यांनी ट्रंक ओढली. एका हाताने ओढताना शेजारची गादी घसरली, डबे गडगडले, पोहे मातीत सांडले, आणि जावेला उठावंच लागलं. आमच्या साऱ्या संसारात ह्यांनी तिला उलट म्हटलेले ते दोनच शब्द. तिने पानाची पिंक टाकली ती आमच्या उंबऱ्यापाशी. मुद्दाम.

भोक मोकळं झालं. नवी नळी जाड होती, कॉकवर चढेना, गरम पाण्यात बुडवून टोक मऊ केलं आणि दातओठ खाऊन चढवली. दोन्ही तुकडे बसले, तारा आवळल्या. कॉक उघडून मी थांबले. थेंब नाही. दोरीचा हिसका दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला मशीन सुरू झालं. मग मी थांबले नाही. ऊन उतरेपर्यंत मी आणि ते धूड, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. तळहात सोलून निघाले. कुंपणाबाहेर माणसं थांबून बघत, काहीतरी बोलत. ऐकू येत नव्हतं ते एक बरं.

सेक्रेटरी आले तेव्हा शेवटचा पट्टा राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, जणू मशीन आपलं आपण चालत होतं. मैदानाला एक फेरी घातली आणि ह्यांना विचारलं, हात कधी बरा होणार. लवकर होईल साहेब, हे म्हणाले. तोपर्यंत असंच चालू दे, असं म्हणून ते गेले. खोली राहिली.

मी गाडीपाशी गेले आणि सामान उतरवायला लागले. जाऊ हात लावायला आली नाही. गाडीवाला लावत होता, त्याला तिने दटावलं. गाडी मोकळी झाल्यावर ती मैदानात गेली, कापलेल्या गवताचे ढीग बघितले आणि त्याला म्हणाली, भर. परळच्या तबेल्यात घालू. गवत माळ्याच्या वाट्याचं असे, म्हणजे आमचं. मी अडवलं नाही. भरू दे, म्हटलं, आणि जाऊ दे. गाडी हिरवीगार भरून फाटकापाशी गेली तेव्हा ती थांबली.

"खोली असा हां तुमची लालबागेक," म्हणाली. "हात मोडतत तसे पायव मोडतत."

 मी हंडा उचलला, आत नेला, जागेवर ठेवला, आणि बाकीची भांडी आणायला परत बाहेर आले.