घोडीवाले काका

लाखनीजवळच्या दिव्यांग शाळेत माझ्या मुलीला उपचार म्हणून घोडीवर बसवणारे काका पूर्वी वरातीत घोडी न्यायचे. बोलायचे ते बहुतेक घोडीशीच. बसवण्याआधी मुलीचे आखडलेले पाय चोळत राहायचे. मी घाई केली की म्हणायचे, "कायले घाई करता ताई? पाय मोकळे होऊन राहिले."

वर्षभरात ती घोडीवर ताठ बसू लागली. मग शाळेने प्रमाणपत्रवाले प्रशिक्षक आणले. पहिल्याच दिवशी त्यांनी पाय न चोळताच तिला उचलून बसवलं. ती किंचाळली. काका तिथेच झाडत होते.

"काका, धरा ना तिला!"

त्यांनी मान वर केली नाही. "मले आता लीद उचलाले ठेवलं, ताई. पोरीले हात लावाची मनाई आहे."

ऑफिसात जाऊन भांडायला हवं होतं. मी मुलीलाच गप्प केलं.