खंडेनवमीचे पट्टे

दोन बोटं सीटबेल्टच्या पट्ट्याखाली घालायची आणि एक झटका द्यायचा. मूल पुढे हिसकलं जायचं, "काकू, दुखता है!" म्हणून ओरडायचं, तोवर काकू पुढच्या सीटकडे सरकलेल्या असायच्या. बसमध्ये जितकी मुलं तितके झटके, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. तोंडी पालुपद एकच: "दिसतंय म्हणजे आहे, असं नाही. ओढून बघावं."

आमच्या देवासच्या शाळेत काकू बसवर मदतनीस होत्या आणि मी ऑफिसात बसचे कागद सांभाळतो. कोणती गाडी कधी सुटली, कोणतं मूल कुठे चढलं, तपासणीची पत्रकं भरली की नाही, एवढंच माझं राज्य. माझे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, त्यामुळे कागद जपणं आमच्या रक्तातच आहे असं मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगायचो. पहिल्या दिवशी मी त्यांना सवयीनं "आपका नाम?" असं विचारलं. नाव सांगून त्या म्हणाल्या, "तुम्ही मराठी दिसता बाबूजी. मग हिंदीत का विचारता? काही लपवायचं आहे का?"

त्यांचा कोणावरच विश्वास नसे. एकदा एका मुलाचा सख्खा काका त्याला न्यायला आला. आईचा फोनही येऊन गेला होता. तरी काकूंनी त्याला बसच्या दारात भर उन्हात उभं केलं.

"घर में क्या बोलते हो इसको?"

"गोलू."

"गोलू तो आधे देवास को बोलते हैं, भिया. दूसरा बताओ."

आतून तो मुलगाच ओरडला, "काकू, ये मेरे चाचा ही हैं!" काकूंनी त्याला वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तू गप बैस. चॉकलेट दिलं असेल तुला." शेवटी मुलाची आजी रिक्षानं आली तेव्हा कुठे पोरगं खाली उतरलं.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. पाहुण्यानं आणलेल्या मिठाईच्या डब्यावरची तारीख त्याच्यासमोरच वाचणारी, रिक्षावाल्याला रस्ता ठाऊक आहे का हे तीनदा विचारणारी. त्यांचा राग येतो, आणि आपली पोरं मात्र त्यांच्याच हाती द्यावीशी वाटतात.

शाळांच्या बसमध्ये पट्टे हवेतच असा तगादा सुरू झाला, तेव्हा बसच्या ठेकेदारानं घाईघाईत पट्टे बसवून घेतले. काळे, नवे, चकचकीत. तपासणीला साहेब आले, दारातूनच एक नजर टाकून म्हणाले, "बढ़िया." ठेकेदारानं चहा मागवला. तेवढ्यात मागून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि काकू मधल्या वाटेनं पुढे आल्या. हातात पट्टा, त्याच्या टोकाला दोन स्क्रू आणि प्लायवूडचा एक तुकडा. "साहब, ये तो मेरे हाथ में आ गया. मैं तो बुढ़िया हूँ. गाड़ी ठुकेगी तो क्या होगा?" साहेबांचा चहा तसाच राहिला. आठवड्याभरात सगळे पट्टे लोखंडी पट्टीला बोल्टनं कसले गेले. त्या दिवसापासून काकू त्यांना 'माझे पट्टे' म्हणू लागल्या, आणि त्यांचा तो हक्क ठेकेदारानंही मान्य केला.

काकूंचं माहेर धारचं. वाडवडील तिथल्या संस्थानच्या घोडदळात होते म्हणे. माहेरी एक तलवार होती. खंडेनवमीला ती पुजायची आणि पुजलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या. लग्न होऊन देवासला आल्या तर सासरी कसली तलवार? नवरा शिंपी. मग शिलाईचं मशीन पुजायचं आणि नवमीला ते बंद ठेवायचं. नवरा गेला, मशीनही गेलं. "पण हात रिकामा राहत नाही बाबूजी," त्या म्हणायच्या. "ज्यानं पोट भरतं ते आपलं हत्यार."

त्या वर्षी पावसानं शाळा बरेच दिवस बंद राहिली होती, म्हणून नवमीलाही अर्धा दिवस भरवली. सकाळी मी तपासणीचं पत्रक घेऊन आवारात गेलो, तर बसमध्ये उदबत्तीचा वास. प्रत्येक सीटवर पट्ट्याची दोन्ही टोकं लाल नाड्यानं एकत्र बांधलेली, बकलावर हळदीकुंकू, वर झेंडूचं एकेक फूल. मी म्हटलं, "वा काकू, छान दिसतंय."

"आज हलवायचे नाहीत. उद्या दसरा झाला की सोडते."

"आणि मुलं?"

"एवढासा तर रस्ता. मी उभी आहे ना."

त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि पत्रकावर 'सीट बेल्ट' या शब्दांपुढे बरोबरची खूण केली. खोटं काय होतं त्यात? पट्टे होतेच. मी त्या वेळी अगदी असाच विचार केला, आणि हे आज लिहितानाही मला माझी लाज वाटते.

दुपारी परतताना बायपासजवळ एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा आला. ड्रायव्हरनं गाडी वळवली, ती पुलाच्या कठड्याला घासत खाली नाल्याच्या काठावर जाऊन थांबली. देवीची कृपा म्हणा, कोणाचा जीव गेला नाही. कोणाला खोक पडली, कोणाचा दात पडला. चौथीतली खुशी मात्र सीटवरून उडून पुढच्या लोखंडी दांड्यावर आदळली. तिचं खुब्यातलं हाड मोडलं. काकूंचं मनगट मोडलं होतं, तरी त्याच हातानं त्यांनी तिला बाहेर काढलं असं लोकांनी सांगितलं.

बस गॅरेजात गेली आणि पोलीस ती पाहायला येईपर्यंत नाडे, फुलं, कुंकू सगळं नाहीसं झालं होतं. कोणी काढलं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

खुशीचे वडील एका कारखान्यात ठेक्यावर कामाला. मुलीवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, तिसरी ती मोठी झाल्यावर करावी लागणार होती. त्यांनी भरपाईचा दावा लावला. विमा कंपनीच्या वकिलानं उत्तरात लिहिलं की बसमध्ये पट्टे होते, मुलीनं स्वतःच लावला नाही, तेव्हा दोषाचा वाटा तिचाही आहे आणि तेवढी भरपाई कमी करावी. पुरावा म्हणून काय जोडलं असेल? माझं पत्रक. माझी खूण, माझी सही. नऊ वर्षांच्या पोरीवर दोष ठेवायला माझं अक्षर कामाला आलं.

खुशी सांगत होती की काकूंनीच पट्टे बांधून ठेवले होते, पण लहान पोरीचं कोण ऐकतं? बाकीच्या मुलांनीही घरी सांगितलं असेल. पण त्यांच्या आईबापांना आपली मुलं याच शाळेत शिकवायची होती. ड्रायव्हर म्हणाला, मी पुढे बघत होतो. आणि काकू? पोलिसांना त्यांनी फक्त इतकंच सांगितलं: "पट्टे थे."

मला ते ऐकून धक्का बसला. दाराची कडी तीनदा हलवून पाहणारी बाई दोन शब्दांवर थांबते म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. त्यात शाळेनं त्यांना बसवरून काढून आत आणलं. नर्सरीच्या वर्गात पंख्याखाली बसायचं, मुलांचे डबे उघडून द्यायचे. शाळेचे मॅनेजर त्यांना अधूनमधून केबिनमध्ये बोलावून घ्यायचे आणि दार लागायचं. स्टाफरूममध्ये बोललं जाऊ लागलं, "काकू बिक गई." मी मान डोलवायचो. मला ते खरं वाटायचं, कारण खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. त्या विकल्या गेल्या असतील तर माझं नाव निघणार नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळत ठेवल्यासारखा वागू लागलो. त्या कोणाशी बोलतात, डावा हात प्लास्टरमध्ये असताना फोन कोणाला लावतात, मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर येताना चेहरा कसा असतो. एकदा पाण्याच्या टाकीपाशी आम्ही दोघंच होतो. त्यांनी ग्लास भरला, पण प्यायल्या नाहीत.

"बाबूजी, नवमीला सकाळी तुम्ही बसमध्ये आला होता ना?"

"कुठल्या नवमीला?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्या काकाकडे पाहिलं होतं तसं, उन्हात उभं करून. "बरं," म्हणाल्या आणि पाणी न पिताच निघून गेल्या. पुढे कित्येक महिने आम्ही एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोललो नाही. त्यांना वाटत असावं मी शाळेचा माणूस, आणि मला वाटत होतं त्या शाळेच्या. दोघांपैकी एकाचाच अंदाज बरोबर होता.

खुशीच्या वकिलानं काकूंना साक्षीला बोलावलं, कारण दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. मॅनेजर निश्चिंत होते. काकू 'मैंने बोला था, बच्ची ने नहीं लगाया' असं सांगणार हे ठरलेलं होतं. मी शाळेची फाइल मांडीवर घेऊन तिसऱ्या बाकावर बसलो होतो. पुढे खुशी आईच्या खांद्याला टेकून बसली होती. एक बूट दुसऱ्यापेक्षा जाड तळाचा.

वकिलानं विचारलं, "घटना के दिन बच्चों ने बेल्ट लगाए थे?"

"नहीं."

"क्यों नहीं लगाए?"

"मैंने बाँध रखे थे. हमारे में नवमी को हथियार की पूजा होती है, फिर दशहरे तक उसको हिलाते नहीं. मैंने बेल्ट की पूजा की थी. इस बच्ची ने माँगा भी था. बोली, काकू मेरा खोल दो. मैंने बोला, आज नहीं, बेटा."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "इतने दिन बताया क्यों नहीं?"

"डर था साहब, नौकरी का. और देख रही थी, कोई और बोलता है क्या."

मग विमा कंपनीचा वकील उठला. त्याला सगळं शाळेच्या अंगावर ढकलायचं होतं. "ऑफिस में किसने देखा था? किसी को तो मालूम होगा. यह चेकिंग का कागज़ किसने भरा?"

काकूंनी मागे वळून सगळे बाक नजरेखालून घातले. नजर माझ्यापाशी आली आणि थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे, मी फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधली एवढं आठवतं. उभं राहून दोन वाक्यं बोलायची होती. मी मराठीत बोललो असतो तरी चाललं असतं.

"नहीं साहब," त्या म्हणाल्या. "वो बाबूजी तो कागज़ भर के चले गए थे. उन्होंने कुछ नहीं देखा. मैंने अकेली ने किया."

निकालात मुलीचा काहीही दोष धरला गेला नाही. मदतनिसाची चूक ती तिला कामावर ठेवणाऱ्यांची, असं म्हणून पूर्ण भरपाई द्यायला सांगितली. काकूंना शाळेनं साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. ठेकेदारानं त्यांच्याविरुद्ध तक्रारही दिली, ती पुढे बारगळली. त्या देवास सोडून धारला भावाकडे गेल्या. त्यांना भेटायला जायचं असं मी दर रविवारी ठरवत होतो. इंदूरवरून धारची बस मिळते, रस्ताही चांगला आहे. मी गेलो नाही. काय म्हणून जाणार होतो? आणि त्यांनी दारात विचारलं असतंच, "आता का आलात बाबूजी?"

गेल्या महिन्यात धारकडच्या सरदारपूरहून फोन आला. तिथल्या एका शाळेला बससाठी मदतनीस हवी होती आणि काकूंनी अर्जात आमच्या शाळेचं नाव लिहिलं होतं. त्या शाळेतला माझ्यासारखाच कोणीतरी कागद सांभाळणारा बोलत होता.

"भरोसे की है क्या? सुना है किसी एक्सीडेंट का लफड़ा था."

मॅनेजर बाहेर होते, ऑफिसात मी एकटाच होतो. मी त्याला सगळं सांगितलं. नवमीची पूजा, बांधलेले पट्टे, माझ्या हातावरचा पेढा, पत्रकावरची खूण, कोर्टात त्यांनी माझ्याकडे पाहून काय सांगितलं ते. चूक त्यांनी केली होती, म्हटलं, पण कबूल करणाऱ्याही त्या एकट्याच होत्या. मी पाहिलं होतं आणि मी गप्प बसलो. तुमच्या मुलांना यांच्यापेक्षा भरवशाचं माणूस मिळायचं नाही, हेही सांगितलं. इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होतो, तेही नाव ठाऊक नसलेल्या माणसाला.

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

मग तो म्हणाला, "अच्छा. और आप अभी भी वहीं नौकरी में हैं?"

"जी," मी म्हणालो.