ओटा नसलेला बाजार

पांढुर्ण्याच्या जुन्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. पुढं दगडी ओटा, माझ्या आजोबांनी बांधलेला. अमेरिकेतल्या लेकाचा फोनवर एकच धोशा, "बाबा, तो ओटा तोडा, काचेचं दार लावा. गिऱ्हाईक वाढेल." स्वतःला गावाला यायला सवड नाही, पण सल्ले भरपूर! ओटा गेला तर सकाळचं मी बसू कुठं, हे त्याला कसं सांगावं? शेवटी कंटाळून हो म्हटलं.

यंदा त्याच्याकडं गेलो. त्यानं तिथला जुना बाजार दाखवायला नेलं. खोटं कशाला बोलू, डोळे निवले. लाल विटांच्या इमारती, खिडक्यांवर कमानी, माथ्यावर नक्षीची पट्टी, पुढं लोखंडी खांब. लेक कौतुकानं म्हणे, "पाहा बाबा, जुनं कसं जपून राहिले हे लोक!"

"अन् मला तोडायला सांगतो काय रे?"

"त्याची अन् आपली बरोबरी काय, बाबा?"

माझं टाळकंच सरकलं. पायही दुखत होते. इतका देखणा बाजार, पण टेकायला ओटा नाही! मी सरळ एका दुकानाच्या पायरीवर चपला काढून मांडी घालून बसलो.

"बाबा, उठा! असं नाही बसत इथं कोणी." लेक लाजून लाल.

तेवढ्यात दुकानवाली बाई धावत आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. खुर्ची काय, पाणी काय! लेकानं समजावलं, आमच्या गावात दुकानापुढं ओटा असतो, कोणीही बसतं, दुकानदार पाणी विचारतो. बाई हसली अन् माझ्या शेजारीच टेकली. मग लेकही बसला. ती विचारत गेली, तो सांगत गेला. शाळेतून आल्यावर ओट्यावर दप्तर फेकायचं, तिथंच संत्री सोलायची, पोळ्याचे सजलेले बैल तिथूनच पाहायचे. मला तर वाटलं होतं, पोरगा सगळं विसरला. फार बरं वाटलं बापा.

गावी परतलो. ओटा तोडायला त्यानं ठरवलेला मिस्त्री दुसऱ्याच दिवशी हजर. मी काही बोलायच्या आत लेकाचा फोन.

"बाबा, मिस्त्री आला का?"

"आला."

"काच राहू द्या. ओट्याचा कोपरा खचला आहे ना, तेवढा नीट बसवून घ्या. दिवाळीला येऊन राहिलो मी."