पोथीच्या पलीकडची बाजू

सैदे अम्तोला वाचता येत नाही, असं ज्या फिल्ममध्ये लिहिलंय ती फिल्म आमच्या बेथ तेनो गावात प्रत्येकाच्या फोनवर आहे. स्वीडनहून, जर्मनीहून नातेवाईक ती पुन्हा पुन्हा पाठवतात, खाली लाल बदाम टाकतात आणि लिहितात, बघा, आपला वारसा. माझं डोकं फिरतं. ही बाई साठ वर्षं पोथी वाचते आहे. मला वाचायला तिनेच शिकवलं. जे झालं त्यात सगळ्यांत मोठा वाटा माझा आहे, म्हणून ते मीच सांगायला हवं.

अम्तो म्हणजे आत्या. माझी सख्खी नव्हे, ती अख्ख्या गावाची अम्तो. तिचे वडील गावचे पाद्री. घरात सुरयानी या आमच्या भाषेतल्या स्तोत्रांची, हाताने लिहिलेली एकच पोथी, आणि शिकणारे चौघं, तीन भाऊ आणि ही. पोथी एका बुटक्या स्टुलावर ठेवायची. थोरला समोर बसायचा, धाकटे दोघं दोन बाजूंना माना वाकड्या करून. उरली पलीकडची बाजू, जिथून अक्षरं डोक्यावर उभी दिसतात. ती मुलीला. तीसुद्धा अशा अटीवर, की हात रिकामे राहता कामा नयेत. कणीक मळता मळता, लोकर पिंजता पिंजता ती शिकली. एकदा थोरला अडखळला आणि हिने पलीकडून शब्द सांगितला. वडिलांनी आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग हिच्या.

पुढे भाऊ एकेक करून युरोपात गेले. वडिलांचे डोळे गेले. रोजची प्रार्थना ते पोथी मांडीवर घेऊन करायचे आणि ही समोर बसून वाचायची. त्यांना दिसत नव्हतं, तरी पोथी सरळ हवी ती त्यांच्याच बाजूने. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्याचं करायला घरात कुणीतरी लागतंच, एवढाच विचार सगळ्यांनी केला.

वडील गेल्यावर तिने आम्हा मुलांना शिकवायला घेतलं. तेव्हा आमच्या भाषेवर सरकारची बंदी होती, ती शिकवणं म्हणजे विकतचं दुखणं होतं. गणवेशातली माणसं चौकशीला आली, की पोथी बुलगूरच्या, म्हणजे दलियाच्या, पोत्यात जायची आणि आमच्या हातात सुईदोरा यायचा. त्या दिवसांत कॅमेरा घेऊन कुणी फिरकलं नाही. आम्ही सहाजण त्या एकाच पोथीभोवती बसायचो. दर आठवड्याला ती आमच्या जागा बदलायची, प्रत्येकाला सरळ बाजू मिळावी म्हणून. स्वतःची जागा तिने कधी बदलली नाही.

गेल्या वर्षी युरोपातल्या आमच्याच लोकांची एक समिती आली. भाषा वाचवायची, कला वाचवायची, स्तोत्रांच्या चाली वाचवायच्या, असं त्यांच्या छापील कागदावर होतं. चर्चमागच्या पडक्या खोलीच्या जागी नवा वर्ग बांधणार होते. प्रत्येक मुलाला स्वतंत्र पुस्तक आणि एक कायमची शिक्षिका. शिक्षिका परीक्षा घेऊन नेमायची. परीक्षा घेणारा नर्साय आमच्याच गावचा नातू, जन्म स्वीडनचा, वय तिशीच्या आत. बोलायला गोड, वागायला नम्र. वाईट असता तर त्याच्यावर राग धरणं सोपं गेलं असतं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात चहा होता, सगळं गाव होतं, फिल्मसाठी समितीचा कॅमेराही होता. परीक्षेला आम्ही दोघीच. अम्तोने काळा पोशाख घातला होता, ठेवणीतला. नर्सायने नवंकोरं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते शांतपणे उलटं फिरवलं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सरपंच मल्के हसला, आणि मग हसायला मोकळीकच मिळाली. मीही हसले. का हसले, ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

"अम्तो, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही," नर्साय हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि वाचू लागली. एकही अक्षर चुकलं नाही. नर्सायला वाटलं, पाठ असणार. त्याने दुसरं पान उघडलं. तेही तिने वाचलं. हेही पाठ, असं तो कॅमेऱ्याकडे बघून कौतुकाने म्हणाला. मग त्याने स्वतःच्या हाताने पुस्तक सरळ केलं आणि आता वाचा म्हणाला. अम्तो थांबली. एक शब्द चाचपडत वाचला, दुसऱ्यावर अडली. कपाळाला घाम आला तिच्या, चारचौघांत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

अंगणातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला खरं माहीत होतं. त्यांच्यातले कित्येक स्वतः अशाच बाजूला बसून शिकलेले. पण समिती नाराज होऊन निघून गेली तर वर्ग गेला, म्हणून सगळे मूग गिळून बसले. निर्लज्ज मेले!

मग बहिये म्हणून माझं नाव पुकारलं, माझा नंबर आला. मी घडाघडा वाचलं. नर्सायचा चेहरा फुलला. कुठे शिकलात, त्याने विचारलं.

अम्तो चार पावलांवर बसली होती. मी म्हणाले, "घरीच."

एवढंच. नोकरी मला मिळाली, आणि अम्तोला कागद मिळाला, तोंडी परंपरा जपल्याबद्दल.

परीक्षा झाली त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. मी द्राक्षाच्या पानांत भात भरत होते. बस म्हटलं तर बसली नाही.

"घरीच म्हणालीस," ती म्हणाली. "कुणाच्या घरी, ते सांगायचं राहिलं."

घाबरले, सुचलं नाही, मुलांची फी भरायची आहे, असं काहीबाही मी बडबडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोराला काय कळतंय! त्याला कुणी शिकवलंच नाही. तुला मी शिकवलं, बहिये. तू तरी हसायला नको होतंस."

मी पानं गुंडाळत राहिले.

वर्गाच्या उद्घाटनाला तिला मानाने बोलावलं. पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि फोटोसाठी तिच्या वडिलांची पोथी मांडीवर ठेवली. तिने ती फिरवली. फोटोवाल्याने येऊन सरळ केली. तिने पुन्हा फिरवली. त्याने पुन्हा सरळ केली आणि लहान मुलीला समजवावं तसा हसला.

आता मात्र माझ्याने राहवलं नाही. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, की मला हिने शिकवलं, हिला वाचता येतं, नर्साय, तुझ्या खिशातलं कुठलंही पत्र दे, तुझ्या आईचं दे, ती वाचून दाखवेल. नर्साय गोंधळला. त्याने खरोखरच खिशात हात घातला.

"काढू नकोस," अम्तो त्याला म्हणाली. "मी परीक्षा देत नाही. माझ्या भावांना सरळ दिसावी म्हणून मी त्या बाजूला बसले. मग बापाला, मग ह्या सगळ्यांना. मला उलटी ती कधीच नव्हती."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"बस खाली, मास्तरीणबाई. विचारलं होतं तेव्हा बोलायचं होतंस."

पोथी काखोटीला मारून ती निघून गेली. नर्सायने त्यानंतर फिल्म दुरुस्त करायचं कबूल केलं. केली नाही. माझ्या वर्गात आज सहा मुलं आहेत आणि सहा पुस्तकं आहेत. पलीकडे बसायची कुणालाच गरज नाही, कुणी बसतही नाही. अम्तोच्या दारावर मी दर रविवारी थाप देते. आतून वाचण्याचा आवाज येत असतो. माझी थाप ऐकली की तो थांबतो, आणि मी गल्लीच्या टोकाला पोचले की पुन्हा सुरू होतो.